आमची वाटचाल : अंबडचा गाळा, पितळी नोझल आणि अडकलेली बिलं

१९९९च्या दसऱ्याला नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या भाड्याच्या गाळ्यात आम्ही पहिली ट्रॉब, म्हणजे कॅमवर चालणारी ऑटोमॅटिक लेथ, उभी केली. मशीन सेकंडहँड, पैसे माझे आणि मावसभावाचे निम्मे निम्मे. कॅम, म्हणजे टूल पुढे-मागे सरकवणारी चकती, घासायला त्यानेच मला शिकवलं. कॅमचा उतार जरा चुकला की टूल जॉबवर, म्हणजे घडवायच्या तुकड्यावर, आपटायचं, म्हणून तो कानस मारायचा, मशीन हाताने फिरवून बघायचा, परत कानस मारायचा. पुढे तो पुण्याला गेला. त्याची मोठी कानस अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, आणि नवीन पोराला मी आधी तीच हातात देतो. आता सगळं काम सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर होतं, पण धातू किती निघाला हे हाताला कळलं नाही तर ऑफसेट (टूल किती सरकवायचं तो आकडा) देऊन काय उपयोग?

मधली वर्षं बरी गेली. मशीनं वाढली, हप्ते फिटत गेले.

२४ मार्च २०२०च्या रात्री लॉकडाऊन जाहीर झाला तेव्हा जॉब मशीनच्या चकमध्ये पकडलेला होता. मे महिन्यात परवानगी घेऊन शटर उघडलं तर कूलंट (कापताना टूल थंड ठेवणारं तेल-पाणी) सडून गाळ्यात उभं राहवत नव्हतं. मशीनच्या बेडवर गंजाचे ठिपके आलेले. दोन दिवस आम्ही रॉकेल आणि पोचा घेऊन बेडच पुसत होतो. आमचा एक ऑपरेटर उत्तर प्रदेशातला. मेच्या पहिल्या दोन दिवसांत नाशिकरोडहून भोपाळ आणि लखनौला श्रमिक गाड्या सुटल्या, त्यांतल्या लखनौच्या गाडीने तो गेला. जाताना गेजचा (मापं तपासायच्या साधनांचा) डबा पुसून माझ्या हातात दिला, म्हणाला, "सेठ, सांभाळून ठेवा." दिवाळीनंतर तो परत आला.

आम्हाला खरी झळ बसली ती बिलांची. आमचं सत्तर टक्के काम एकाच मोठ्या कंपनीचं होतं. तिचं नाव लिहीत नाही. जानेवारी ते मार्चचा माल पोचला होता, जीआरएन (माल मिळाल्याची त्यांची नोंद) झाला होता, रिजेक्शन शून्य होतं. तरी १४ लाख ६० हजार अडकले. अकाउंट्सचे साहेब फोन उचलेनात. अखेर फेब्रुवारी २०२१मध्ये पैसे आले, व्याजाचा एक रुपयाही न देता.

मे २०२०मध्ये केंद्राने २० लाख कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात आमच्यासारख्यांसाठी ३ लाख कोटींची हमी कर्ज योजना होती. २९ फेब्रुवारीला जेवढं कर्ज बाकी होतं त्याच्या २० टक्के, तारण न घेता, हमी सरकारची. मुदत चार वर्षं, पहिलं वर्ष मुद्दल नाही. बँकेतून आपणहून फोन आला. आमची बाकी ३८ लाख होती, ७ लाख ६० हजार मिळाले. व्याज ९.२५ टक्के, म्हणजे बँकांना ठरवून दिलेल्या कमाल दरानेच. त्या पैशांतून पगार झाले, हे मी कधी नाकारणार नाही. त्या योजनेने कितीतरी शटर वाचवली. पण हिशेब बघा. माझेच साडेचौदा लाख दुसऱ्याच्या खात्यात पडून होते आणि मी त्यांच्या निम्मी रक्कम कर्जाऊ घेऊन पहिल्या वर्षी ७० हजारांवर व्याज भरलं. लहान धंद्याला उभं करायचं तर आधी त्याचं बिल वेळेत मिळवून द्यायला हवं होतं. लहान उद्योगांचं बिल ४५ दिवसांत द्यायचा कायदा २००६पासून आहे, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजही त्यात लिहिलेलं आहे. मागणार कोण? तक्रार केली की पुढची पीओ (खरेदीची ऑर्डर) येत नाही.

आम्हाला सावरलं ते निफाडच्या अण्णांनी. ते द्राक्षबागांसाठी ब्लोअर (औषध फवारायची यंत्रं) बनवतात, नोझल आमच्याकडून घेतात. जूनमध्ये स्वतः गाडी घेऊन आले, ऑक्टोबर छाटणीसाठी चार हजार नोझलची ऑर्डर दिली आणि निम्मे पैसे रोख टेबलावर ठेवले. म्हणाले, "शेती बंद पडत नसते. तुम्ही बंद पडू नका." खरंच होतं त्यांचं. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचा जीडीपी जवळपास २४ टक्के घसरला, शेती मात्र ३.४ टक्के वाढली, हे ऑगस्टअखेर आकडे आले तेव्हा कळलं. पितळी नोझलच्या भोकात केसाएवढी बर (कापताना उरलेली धातूची कड) राहिली तरी फवारा एका बाजूला फाटतो आणि डावणी हा बुरशीचा रोग पानाच्या खाली तसाच राहतो. म्हणून ते चार हजार नोझल मी आणि माझ्या बायकोने एकेक करून उजेडात धरून पाहिले. एकही परत आला नाही.

नव्याने धंद्यात येणाऱ्यांना सांगतो : एका गिऱ्हाइकाला तीस-पस्तीस टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. हप्त्यांना सवलत मिळाली म्हणून हुरळून जाऊ नका. आम्ही तेव्हा सहा महिने हप्ते थांबवले आणि व्याज मागून चढत गेलं. उद्यम नंबर (लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा) प्रत्येक बिलावर छापा, पेमेंटची मुदत पीओवर लेखी घ्या.

२०२३च्या अर्थसंकल्पात आयकराचं ४३बी(एच) हे कलम आलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल मुदतीत दिलं नाही तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच मिळतो. हे कलम आल्यावर त्याच कंपनीच्या खरेदी विभागातून फोन आला : तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन काढून टाकता येईल का? मी नाही म्हणालो. त्यांचं काम आता आमच्या एकूण कामाच्या पाचव्या हिश्श्यावर आलं आहे, पण पैसे चाळिसाव्या-एक्केचाळिसाव्या दिवशी खात्यात पडतात. अण्णांचे अजूनही माल उचलतानाच मिळतात.