खोडरबर घरी ठेवून सहलीला

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या सहलीने एका दिवसात सात ठिकाणं उरकली होती. परत आल्यावर सातवीच्या वर्गात विचारलं, काय पाहिलंत? गाडीत कोणाला उलटी झाली आणि वडापाव किती गार होता, एवढं मात्र सगळ्यांना तोंडपाठ होतं.

मी नाशिकच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. यंदा सहल माझ्या गळ्यात पडली आणि मी यादीत दोनच नावं लिहिली. सकाळी नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य, दुपारी सिन्नरचं गोंदेश्वराचं देऊळ. मुख्याध्यापकांनी कागद दोनदा उलटून पाहिला. "दोनच? पालक विचारतील ना, पैसे कशाचे घेतले म्हणून." शेवटी सही झाली, पण सोबत 'शैक्षणिक सहल' असं ठसठशीत छापलेला फ्लेक्स हातात आला. प्रत्येक ठिकाणी तो धरून फोटो काढायचा, अहवालाला लागतो.

जानेवारीतली पहाट. एसटीची प्रासंगिक करारावरची गाडी सहाला यायची ती पावणेसातला आली. पाखरं बघायची तर हा पाऊण तास सोन्याचा असतो, पण सांगणार कोणाला? बेचाळीस मुलं, तीन शिक्षक. प्रत्येकाकडे क्लिपचं पॅड, दहा कोरे कागद आणि एक 4बी पेन्सिल. खोडरबर आणायचा नाही, असं आदल्या दिवशीच बजावलं होतं. चुकलेली रेघ तशीच ठेवायची आणि शेजारी दुसरी ओढायची. यावर वर्गात जो गोंधळ झाला तो मी मोबाइलबंदीच्या वेळीही पाहिला नव्हता.

सायखेड्याच्या बाजूने गाडी निघाली तेव्हा उसाच्या शेतांवर धुकं होतं. हिवाळ्यात निफाडचा पारा घसरल्याची बातमी आपण रोज वाचतो. ती बातमी म्हणजे नक्की काय, हे चापडगावला गाडीतून उतरल्यावर कानांना कळलं.

नांदूरमध्यमेश्वर हे काही आपोआप तयार झालेलं तळं नाही. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा घातला. त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, मधे बेटं उगवली, पाणवनस्पती माजल्या. धरणाच्या हिशेबाने हा तोटाच, पण पाखरांना तो मानवला. 1986 साली अभयारण्य झालं आणि 2020 मध्ये रामसरच्या, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलंच. "म्हणजे सर, गाळ काढला नाही म्हणून बरं झालं?" एकाने विचारलं. मी जरा अडखळलो. बंधाऱ्याखालच्या शेतकऱ्याला विचार, तो वेगळं सांगेल, असं उत्तर देऊन सुटलो.

गावातलाच एक तरुण वाटाड्या म्हणून सोबत होता. मुलांनी पहिल्या मिनिटाला त्याला गाठलं, "दादा, फ्लेमिंगो कुठायत?" तो म्हणाला, "आज नाहीत. जे आहेत ते बघा की." दुर्बीण एक, मुलं बेचाळीस. रांग लागली. ज्यांचा नंबर लांब होता त्यांना बसवायचं कुठे? दव पडून माती ओली झालेली. मी फ्लेक्स उलटा करून अंथरला आणि पंधरा-वीस जणांना त्यावर बसवून समोर पोहणारा वारकरी काढायला सांगितलं.

वारकरी म्हणजे ते काळं, गुबगुबीत पाखरू, पांढरी चोच आणि कपाळावर पांढरा टिळा. मी फळ्यावर तो शेकडो वेळा काढलाय. वर्तुळ, मान, टिळा, बाकी सगळं काळं भरायचं. मागच्या बाकावर बसणारी, वर्गात सहसा तोंड न उघडणारी एक मुलगी पॅड घेऊन आली. "सर, हा सगळा काळा नाहीये. डोकं काळं आहे, पाठ पाटीसारखी राखाडी आहे." मी दुर्बिणीतून बघितलं. खरंच की! एवढी वर्षं मी मुलांना चुकीचा वारकरी शिकवत होतो. तिने पाठीवर पेन्सिल आडवी धरून हलकेच घासली होती आणि डोक्यावर दाबून. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मग दादाने हळदीकुंकू दाखवलं. हे बदकाचं नाव आहे म्हटल्यावर मुली खिदळल्या. चोचीच्या टोकाला हळद, बुडाशी दोन्हीकडे कुंकवाचा ठिपका. ज्याने हे नाव ठेवलं त्याच्यापुढे आम्ही चित्रकलेची माणसं काय सांगणार! थापट्या बदकाची पसरट चोच मुलांनी न सांगता उलथन्यासारखी काढली. तेवढ्यात बेटावरून एक भोवत्या, म्हणजे शिकारी पक्षी, घिरट्या घालत खाली आला आणि पाण्यावरची सगळी बदकं एकदम उठली. पत्र्यावर पाऊस कोसळावा तसा आवाज. वर्गातला सर्वात बडबड्या पोरगा तोंड उघडं टाकून उभा. त्याच्या कागदावर नंतर नुसते ठिपके निघाले, कागदाच्या कडेबाहेर जाणारे. दिवसभरातलं ते मला आवडलेलं चित्र.

जेवण, पोळी-भाजी, पाण्याच्या बाटल्या, हरवलेलं एक स्वेटर, सापडलेलं तेच स्वेटर. (शिक्षकांसाठी: स्वच्छतागृहाची चौकशी आधी फोन करून करा, विशेषतः मुली सोबत असताना.) तीनच्या सुमारास सिन्नर.

यादवांची राजधानी देवगिरीला जाण्याआधी सिन्नरला होती, त्या वैभवातलं हे गोंदेश्वर. मधे महादेव, चार कोपऱ्यांत चार लहान देवळं. लोक याला सर्रास हेमाडपंती म्हणतात, पण ज्याच्या नावाने ही शैली ओळखली जाते तो हेमाद्री तेराव्या शतकातला आणि देऊळ त्याच्या आधीचं मानलं जातं. हे सांगायला लागलो तर मुलं जांभया देऊ लागली, म्हणून थांबलो आणि म्हटलं, शिखरावर किती लहान शिखरं आहेत ते मोजा.

मोजता मोजता सगळे चुकले. कोणी चाळीस, कोणी शंभर. एक चष्मेवाला मात्र मोजणं सोडून मान वर करून बघत राहिला आणि म्हणाला, "सर, हे एकच आहे. झेरॉक्स लहान करत करत वर नेलीय." भूमिज शिखर समजावायला मी घरून एक आकृती काढून आणली होती. ती पिशवीतच राहिली. खालून वर जाणाऱ्या ओळी, प्रत्येक ओळीत तेच देऊळ, दरवेळी थोडं लहान. याहून सोपं मला सांगता आलं नसतं.

उतरत्या उन्हात दगडाचा काळा रंग तांबूस दिसायला लागला. मुलं पायऱ्यांवर, सावलीला, जोत्याला टेकून बसली होती आणि अर्धा तास कोणी कोणाला हाक मारली नाही. एकाने अख्खं देऊळ सोडून दोन दगडांमधला सांधाच काढला. चुना कुठेच दिसत नाही म्हणून गळ्यातल्या ओळखपत्राची कड त्यात घालून बघत होता, तेव्हा ओरडावं लागलं. "जात नाही सर," तो म्हणाला, ओरडा खाऊनही खूश.

आणि हो, एकाच्या दप्तरात खोडरबर निघालाच. अख्खा दिवस त्याने तो वापरला नव्हता. "राहू दे म्हटलं, सोबतीला."

सोमवारी मुख्याध्यापकांनी फोटो मागितले. फ्लेक्स धरलेला एकही नव्हता. फ्लेक्स तेवढा मी टेबलावर उलगडून ठेवला. 'शैक्षणिक सहल' या अक्षरांवर नांदूरचा वाळलेला चिखल होता आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर, कोणाच्या तरी हातची, 4बी पेन्सिलीने काढलेली तीन बदकं.