बुटीबोरीच्या पावसात न दिसलेली ट्रॉली

गेल्या जुलैमध्ये वर्ध्याहून नागपूरला परत येत होते. बुटीबोरीच्या अलीकडे एक ट्रॅक्टर-ट्रॉली मला अगदी जवळ गेल्यावर दिसली. तिला मागे दिवा नव्हता, पाऊस धो धो कोसळत होता आणि डिव्हायडरपलीकडच्या ट्रकांचा उजेड ओल्या काचेवर फुटून सगळीकडे पसरला होता. ब्रेक वेळेत लागला. शेजारी आई होती. ती काहीच बोलली नाही, नुसता डॅशबोर्डवर हात टेकवला. तो हात अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

दुसऱ्याच दिवशी काचेवरचं पाणी झटकणारं कोटिंग विकत आणलं. पार्किंगमध्ये उभ्या उभ्या फडक्याने लावून टाकलं. रात्री पाऊस आला तर वायपर थडथड करत, उड्या मारत फिरायला लागला. प्रत्येक फेरीमागे धुरकट पट्टा उमटायचा. आधीपेक्षा कमी दिसत होतं.

मानेवाड्याच्या एका मेकॅनिककडे गेले. त्यांनी आधी काचेवर मगभर पाणी ओतलं आणि बोट दाखवलं. "बघा ताई, इथं थेंब धरून राहिले, तिथं पाणी पसरून राहिलं. तुम्ही मळावरच लावलं ना! काच साफ असंन तरच हे धरते."

मळ म्हणजे धूळ नव्हे, धूळ तर धुतल्यावर जातेच. डिझेलच्या धुराचा तेलकट थर, वॅक्सवाल्या शाम्पूचा अंश आणि आमच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग हे सगळं काचेला चिकटून होतं.

रविवारी उन्हं चढायच्या आत बसले, कारण तापलेल्या काचेवर कोटिंग भराभर वाळतं आणि डाग पडतात. पांढरे डाग व्हिनेगरने सोडवले. मग काच घासून चकचकीत करायची सिरियम ऑक्साइडची पेस्ट ओल्या पॅडने घासली, चांगला तासभर. दंड भरून आले. शेवटी पाणी टाकलं तर ते थेंब न धरता एकसारखं पसरलं. आधीचं कोटिंगही निघून काच साफ झाल्याची खूण हीच. काच पूर्ण कोरडी करून थोड्या थोड्या भागावर कोटिंग फिरवलं आणि धुरकट झाल्यावर मायक्रोफायबरच्या कापडाने पुसून काढलं. वायपरचं रबरही बदललं. जुन्याच्या कडेवरून बोट फिरवलं तर ती कडक आणि चिरलेली लागली. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात उभ्या गाडीचं रबर असंच होतं.

आतली काच मात्र मी विसरले होते. बंद गाडी तापली की डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघणारी वाफ काचेवर आतून बसते, आणि रात्री समोरच्या दिव्यांचा उजेड त्या थरावरही पसरतो. आतून कोटिंग लावायचं नसतं, नुसती स्वच्छ पुसायची. काचेवर बाष्प धरलं तर एसी लावायचा, तो हवेतला ओलावा ओढून घेतो.

पुढच्या पावसात वर्धा रोडवर साठच्या आसपास वेग गेला आणि थेंब गोळा होऊन काचेवरून वर, छताकडे पळायला लागले. खरंच बरं वाटलं. पण सीताबर्डीच्या गर्दीत गाडी रांगत होती तेव्हा तेच थेंब जागच्या जागी थांबले आणि प्रत्येकात सिग्नलचा लाल दिवा पेटलेला. तिथे वायपरच लागतो. बाजूच्या काचांना फायदा भरपूर झाला. बाहेरच्या आरशांना तितका नाही, कारण त्यांच्या तोंडावर वारा थेट लागत नाही आणि थेंब तसेच बसून राहतात.

एका गोष्टीबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय. थेंब उडावेत म्हणून पाय ॲक्सिलरेटरवर जातो. माझाही गेला होता. काच कितीही लखलखीत असली तरी बिनदिव्याची ट्रॉली दिव्यांच्या झोतात आल्यावरच दिसणार, आणि ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं.

वायपर घासून घासून समोरच्या काचेवरचं कोटिंग लवकर झिजतं. सप्टेंबरमध्ये मगभर पाणी ओतून बघितलं, तर वायपरच्या फेरीतलं पाणी पुन्हा पसरायला लागलं होतं. पेस्टचा डबा परत काढला. बुटीबोरी जवळ आली आणि पाऊस असला की मी पन्नासवर येते.