डोस चढवायचा, पण कुठवर?

केमोथेरपीच्या औषधाची माणसांवरची पहिली चाचणी बहुधा शिडीसारखी चालते. तीन रुग्णांना छोटा डोस द्यायचा आणि साधारण २८ दिवस थांबायचं. कुणालाच गंभीर त्रास झाला नाही, तर पुढच्या तिघांना वरची पायरी. एकाला झाला तर त्याच पायरीवर आणखी तिघे. सहांतल्या दोघांना झाला की चढण संपली, आणि खालची पायरी पक्की. डोस जितका जास्त तितकी गाठ जास्त मरते, असं यात गृहीत धरलेलं असतं. स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेन रिसेप्टर (पेशीतला, इस्ट्रोजेन हे संप्रेरक पकडणारा रेणू) अडवणाऱ्या गोळ्यांना हे गृहीतक नीट बसत नाही. सगळे रिसेप्टर एकदा अडले, की वरचा डोस बहुतेक मळमळच वाढवतो.

उलटी चूकही झालेली आहे. फुलव्हेस्ट्रंट हे रिसेप्टर अडवणारंच औषध तोंडावाटे दिलं तर अंगी लागत नाही, म्हणून ते एरंडेलात विरघळवून टोचतात. अमेरिकेत २००२ साली ते महिन्याला २५० मिलिग्रॅम या डोसने मंजूर झालं. ७३६ स्त्रियांच्या ‘कन्फर्म’ चाचणीत ५०० मिलिग्रॅम सरस ठरलं आणि २०१० मध्ये डोस दुप्पट झाला. आठ वर्षं अर्धाच डोस चालला होता! आता दोन्ही कुल्ल्यांत ५-५ मिलिलिटर, प्रत्येक सुई एक-दोन मिनिटं सावकाश. याहून जास्त तेल स्नायूत कुठे मावणार? गोळीचा शोध इथूनच निघाला.

रिसेप्टर अडले की नाही, हे गोळीच्या बाबतीत पाहता येतं. किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेलं इस्ट्रोजेन, म्हणजे एफईएस, शिरेतून देतात आणि साधारण ८० मिनिटांनी पेट स्कॅन (ही किरणोत्सारी खूण शरीरात कुठे साठली ते दाखवणारा) काढतात. मोकळा रिसेप्टर उजळतो, अडलेला विझतो. गोळीआधी एक स्कॅन, सुरू झाल्यावर दुसरा. दोन ठिकाणी मात्र फसगत होते. यकृत एफईएस स्वतःच ओढून घेतं, त्यामुळे तिथल्या गाठी यात वाचता येत नाहीत. आणि आधीचं औषध शरीरात उरलं असेल तर पहिलाच स्कॅन विझलेला येतो. टॅमॉक्सिफेननंतर (रिसेप्टर अडवणारी जुनी गोळी) ८ आठवडे आणि फुलव्हेस्ट्रंटनंतर तब्बल २८ आठवडे जावे लागतात. आजार पसरलेल्या बाईला इतकं थांबवणं शक्य नसतं, म्हणून अशा चाचण्यांत स्कॅनसाठी रुग्ण मिळणं अवघड.

एलासेस्ट्रंट या गोळीच्या बाबतीत हे आधी पाळी गेलेल्या निरोगी स्त्रियांच्या गर्भाशयावर तपासलं गेलं. २०० मिलिग्रॅमला सुमारे ८३ टक्के रिसेप्टर अडले, ५०० ला ९२. अडीच पट औषधाने फक्त नऊ टक्क्यांची भर. रुग्णांसाठी पुढे नेलेला डोस ठरला रोज ४०० मिलिग्रॅम. (हे वजन क्षारासकट, मूळ औषध ३४५, आणि पाकिटावर तोच आकडा.)

पहिल्या टप्प्याचा निकाल वाचताना छेद बघावा, म्हणजे टक्के किती जणींवरून काढले ते. एलासेस्ट्रंटच्या चाचणीत ४०० वर ५० रुग्ण होत्या, पण गाठ आकसण्याचा दर ३१ जणींवरून काढला: सहा जणी, १९.४ टक्के. बाकीच्या गेल्या कुठे? हा आजार हाडांत फार जातो, आणि मऊ गाठ नसलेली हाडातली जखम रेसिस्टच्या (गाठी मोजण्याच्या ठरलेल्या) नियमांनुसार मोजण्याजोगी धरत नाहीत. म्हणून माझ्या मते या गोळ्यांत २४ आठवडे आजार न वाढलेल्यांचं प्रमाण जास्त बोलकं.

एलासेस्ट्रंटची गोळी रोज एकाच वेळी, जेवणासोबत, अख्खी गिळायची. रिकाम्या पोटी मळमळ वाढते. सहा तासांहून जास्त उशीर झाला किंवा उलटी झाली तर त्या दिवशी दुसरी घ्यायची नाही. बुरशीवरचं इट्राकोनाझोल रक्तातली पातळी वाढवतं आणि टीबीचं रिफाम्पिसिन ती पाडतं, म्हणून चालू औषधांची यादी पहिल्याच दिवशी दाखवावी.

कॅमिझेस्ट्रंट या अशाच दुसऱ्या गोळीत डोळ्यांपुढे प्रकाश चमकणं आणि नाडी मंदावणं दिसलं, दोन्ही डोसबरोबर वाढणारं. ‘सेरेना-२’ चाचणीत ७५ आणि १५० मिलिग्रॅम दोन्ही फुलव्हेस्ट्रंटला सरस ठरले. पुढच्या टप्प्यात नेलं ७५.