रात्री करंट कोण खायलंय? संभाजीनगर ते नळदुर्ग, मुक्काम अंबाजोगाई

निघायच्या दिवशी पहाटे सेल्फ मारला आणि नुसता ‘कट्’ असा आवाज आला. एकदाच. डॅशबोर्डवरचे दिवे मंद झाले आणि विझले. आई शेजारच्या सीटवर डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती काही बोलली नाही, पण पिशवीचे बंद तिने हातातून सोडले.

गाडी बाबांनी २००२ साली घेतलेली. इंजिन ठणठणीत, पत्रा शाबूत, दुखणं एकच : चार दिवस जागेवर उभी राहिली की बॅटरी उतरते. रोज चालवली तर कुरकुर नाही. दोन वर्षांत मी दोन बॅटऱ्या टाकल्या. एकदा ‘सेल मेला’ म्हणून, एकदा ‘उन्हाने बसली’ म्हणून. उन्हाचं खोटं नाही. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात बॅटरीतलं पाणी भराभर आटतं, आतल्या प्लेटांची जाळी लवकर गंजते. पण नवी बॅटरीसुद्धा चौथ्या दिवशी झोपत असेल तर दोष उन्हावर टाकून भागत नाही, हे मला उशिरा कळलं.

शेजारच्या काकांनी त्यांची गाडी नाकासमोर नाक लावून उभी केली. लाल चिमटे दोन्हीकडच्या प्लसला, काळा एक त्यांच्या मायनसला आणि शेवटचा काळा आमच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला. तो बॅटरीवर लावायचा नाही, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच. गाडी चालू झाली. आईने विचारलं, “आता आधी दुकानात जायचं का?” मी नाही म्हणाले. तिसरी बॅटरी घ्यायची नव्हती. व्होल्टेज आणि करंट मोजायचा मीटर पिशवीत होता. आईच्या पर्समधली छोटी डायरी मागून घेतली आणि तिला सांगितलं, मी आकडा सांगेन, तू तारीख-वेळ घालून लिहायचा. चालताना बॅटरी किती भरते ते थांब्यावर कळेल, आणि उभी असताना किती उतरते ते मुक्कामाच्या सकाळी.

पाचोड मागे टाकून शहागडला गोदावरी ओलांडली. पलीकडे रस्त्याच्या कडेला लिंबाखाली गाडी घेतली, इंजिन चालूच ठेवलं, हेडलाइट आणि ब्लोअर लावला, आणि मीटरच्या दोन्ही काड्या बॅटरीच्या टोकांवर टेकवल्या. १३.३ व्होल्ट. इंजिन चालू असताना तिथे साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. बॅटरी भरत होती, पण पोटभर नाही. ‘शहागड, १३.३’, आईने लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

बीडच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा बॉनेट उघडं बघून एक गृहस्थ मदतीला आले. “गाडी चालू ठेवा, बॅटरीचं टर्मिनल काढून बघू. बंद पडली तर डायनामो गेला.” माणूस भला होता, पण मी हात जोडून नको म्हटलं. ही तपासणी रस्तोरस्ती चालते आणि ती धोक्याची आहे. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं यंत्र (त्यालाच रस्त्यावर डायनामो म्हणतात), चालू असताना बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं; रेग्युलेटर, रेडिओ, नव्या गाडीत तर कंट्रोल युनिटसुद्धा जाऊ शकतं. शंभर-दोनशे रुपयांचा साधा मीटर जे सांगतो त्यासाठी हा जुगार कशाला?

मांजरसुंब्याच्या घाटात पळस फुलला होता. बालाघाटाचे डोंगर वाळून तपकिरी झालेले आणि मधेच हे झाड, पान एक नाही, नुसती केशरी फुलं. केजकडे वळल्यावर दोन्ही बाजूंना ज्वारीची काढणी चाललेली, कडब्याच्या पेंढ्या उभ्या, खळ्यावर कणसांचे ढीग. आई म्हणाली, तिच्या लहानपणी खळ्यावर झोपायला जायचे तेव्हा कणसांची धग रात्रभर अंगाला लागायची. मी खिडकीची काच खाली केली.

अंबाजोगाईला पोचेपर्यंत दिवेलागण झाली. योगेश्वरीच्या देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर खोली मिळाली. गाडी बंद करून दोन तासांनी मोजलं : १२.५२. लगेच मोजायचं नसतं, ताज्या चार्जिंगचं वरवरचं व्होल्टेज निवळू द्यावं लागतं. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, १२.४ला पाऊण राहिलेली असते, १२.२ला अर्धी, आणि १२च्या खाली ती जवळजवळ रिकामी. हे चार आकडे मी आता पाढ्यासारखे पाठ केलेत.

सकाळी साडेसहाला : १२.२७.

एका रात्रीत एवढं. आता करंटच मोजायचा होता. किल्ली काढली, दारं लावली, मायनसचं टर्मिनल सोडवलं आणि मीटर १० अँपिअरवर ठेवून टर्मिनल आणि बॅटरीच्या मधे जोडला. या जोडणीत चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज किंवा मीटरच तिथेच जळतो. आकडा स्थिर झाला : ०.३८ अँपिअर. बंद गाडीने ०.०५च्या आत राहायला हवं. हिशेब सोपा आहे. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, म्हणजे साधारण एक अँपिअर ३५ तास पुरेल एवढी. ०.३८ने दिवसाला नऊ जातात, चार दिवसांत छत्तीस. चौथ्या दिवसाचं कोडं त्या तीन आकड्यांत सुटलं.

माझा पहिला संशय डिकीतल्या दिव्यावर. पाच वॉटचा बल्ब बारा व्होल्टवर साधारण ०.४ अँपिअर घेतो, आकडा अगदी जुळत होता. झाकण लावल्यावरही दिवा जळत राहणं हे जुन्या गाड्यांचं नेहमीचं दुखणं. बल्बच काढून टाकला. ०.३८. मग फ्यूज एकेक करून काढायला लागले. आईने डब्याचं झाकण पुढे केलं आणि प्रत्येक फ्यूज काढला त्याच क्रमाने त्यात मांडत गेली, म्हणजे परत लावताना घोळ नको. हॉर्न, वायपर, आतला दिवा, रेडिओ. सगळा फ्यूज बॉक्स रिकामा झाला, झाकणात रंगीत ओळ लागली. रेडिओच्या फ्यूजला आकडा ०.३६ झाला तेवढाच. बाकी हलला नाही.

मी बॉनेटला टेकून उभी राहिले. चोर घरात नव्हता आणि दारातही नव्हता. मग तो होता कुठे?

खोलीच्या मालकांनी लातूर रस्त्यावरच्या एका मिस्तरींचा पत्ता दिला. टपरीवजा दुकान, भिंतीवर उघड्या आर्मेचरांची माळ, साठीच्या आसपासचा माणूस. मी आकडे सांगितले. ते ऐकत होते आणि ऐकता ऐकता आईच्या हातातली डायरी मागून घेऊन स्वतः वाचत होते. डायरी परत करताना म्हणाले, “दिवसा भरायलंय कमी, अन् रात्री कुणीतरी खायलंय. दुखणी दोन हैत, ताई. एक समजून औषध केलं का दोन्ही राहतेत.”

मग त्यांनी जे केलं ते मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. आधी बॅटरीचं मायनस सोडवलं. अल्टरनेटरच्या मागची जाड वायर थेट बॅटरीच्या प्लसवरून येते, तिच्यात कायम करंट असतो, पाना बॉडीला टेकला तर भडका. रबरी टोपी मागे सारली, नट काढला, वायरचं टोक टेपने गुंडाळून बाजूला बांधलं. मग मायनसमधे मीटर घालून मला म्हणाले, “वाचा.”

०.०२.

तेवढं घड्याळ आणि रेडिओच्या मेमरीचं. बाकी सगळं अल्टरनेटर पीत होता. ही वायर माझ्या फ्यूज बॉक्समधून जातच नव्हती, म्हणून मी सगळे फ्यूज काढूनही त्याला धक्का लागला नव्हता. “फ्यूजच्या अलीकडं बघायचं असतंय,” मिस्तरी म्हणाले.

अल्टरनेटर तयार करतो तो करंट उलटसुलट वाहणारा. त्याला एका दिशेने लावायचं काम आतले डायोड करतात. आत येणारा मार्ग बंद, बाहेर जाणारा उघडा. मिस्तरींनी ते आईला विहिरीवरून समजावलं. “मावशी, मोटारीच्या पाइपाला खाली फुटव्हॉल्व्ह असतोय का नाही? त्याचं चामडं गेलं का रात्रीतून पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरतंय. सकाळी मोटार नुसती फिरती, पाणी येत नाही. ह्याचं तसंच झालंय.” आईचं माहेर शेतकरी. तिने मान डोलावली आणि मला म्हणाली, “मग तुझ्या दुकानदाराने दोनदा पाइप बदलला.”

डायोड प्लेट लातूरहून येणार होती, एसटीने, दुपारपर्यंत. तोवर आम्ही योगेश्वरीचं दर्शन घेतलं. उन्हात तापलेली फरशी, गाभाऱ्यात गारवा, तांबूल. मुकुंदराजांच्या समाधीकडे रिक्षाने गेलो. आई पायऱ्यांवर बराच वेळ दरीकडे बघत बसली. मी मात्र अर्धी त्या टपरीतच होते, हे कबूल करते.

तीनला परतलो तर अल्टरनेटर उघडून ठेवलेला. आतले कार्बनचे ब्रशही झिजून अगदी थोडे उरले होते, नवे टाकले. जोडून चालू केलं, हेडलाइट आणि ब्लोअर लावला. अल्टरनेटरच्या तोंडाशी १४.१. बॅटरीवर? अजून १३.३च. मला वाटलं होतं, एका दुरुस्तीत दोन्ही सुटेल. मिस्तरींनी मीटरची एक काडी बॅटरीच्या मायनसच्या खांबावर ठेवली, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर. दोन्ही जागा एकच असायला हव्यात, फरक फार तर ०.२. निघाला ०.७. प्लसच्या बाजूला ०.१. एवढं व्होल्टेज वाटेतच सांडत होतं.

वाट म्हणजे अर्थिंगची पट्टी. बॅटरीखालून चेसिसला आणि गिअरबॉक्सला जाणारी विणलेल्या तांब्याची पट्टी. वरून नीट दिसायची. बोल्ट काढला तर खाली हिरवट-पांढरा थर, आणि पट्टीचे अर्धे तार हात लावताच तुटून पडले. मिस्तरींनी तिथला पत्रा पॉलिश पेपरने घासून चांदीसारखा केला, जाड वायर टोकांना नवे लग्ज (बोल्टात अडकणाऱ्या धातूच्या कड्या) दाबून बसवली, बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस लावलं. बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा फेस गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुतला. सोडा तिथे फसफसला, तशी आई पुढे वाकून बघायला लागली. मग परत मीटर. १४.०.

शेवटी त्यांनी हायड्रोमीटर काढला, बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजायची नळी. सहा सेल, सहा वेळा नळी बुडवली. “बाराशे चाळीस, चाळीस, चाळीस, तीस, चाळीस, चाळीस.” पूर्ण भरलेल्याला साधारण १२६५ ते १२८० यायला हवेत, पण सगळे सेल एका ओळीत होते. एखादा ११५०वर असता तर बॅटरी गेली असती. “बॅटरी चांगली हाय. उपाशी हाय, एवढंच. बदलू नका,” ते म्हणाले. ज्यांच्या दुकानात विकायला बॅटऱ्या मांडलेल्या होत्या, त्यांनी हे सांगितलं. मला त्या क्षणी आधीच्या दोन्ही बॅटऱ्या आठवल्या आणि खरंच वाईट वाटलं. त्याही अशाच उपाशी गेल्या असणार. पाणी फक्त डिस्टिल घाला, फिल्टरचं नको, हेही त्यांनी दोनदा बजावलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघून लातूर, मुरूड, ढोकी करत तेरला. सातवाहन काळातलं तगर नावाचं व्यापारी नगर ते हेच. विटांचं त्रिविक्रम मंदिर बाहेरून पाहिलं तर पाठ गोल, चैत्यासारखी. संग्रहालयात मणी, मातीच्या बाहुल्या, बोटभर आकाराच्या वस्तू; तिथे घाई करू नका, अख्खी सकाळ द्या. तेरणेच्या काठी गोरोबाकाकांच्या समाधीपाशी आईने ती गोष्ट सांगितली. संत जमलेले, आणि गोरोबा थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर ठोकून बघतायत, मडकं पक्कं की कच्चं. लहानपणी मला यातला नामदेवांचा राग तेवढा आठवायचा. आता तिथे उभी असताना तो थापटण्याचा हात दिसला. मडकं फोडायचं नाही, बदलायचंही नाही, आवाजावरून ओळखायचं.

तुळजापूरला रात्री १२.६४. सकाळी १२.६१. आईने आकड्याखाली दोन रेघा ओढल्या आणि मग भवानीच्या दर्शनाच्या रांगेत आम्ही तीन तास उभ्या राहिलो.

नळदुर्गात मार्चमध्ये नर-मादी धबधबे नसतात. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यावरून पाणी सांडतं तेव्हाच ते दिसतात. पण पाणी नसलं की त्या बंधाऱ्याच्या पोटातला पाणीमहाल शांतपणे बघता येतो. भिंतीच्या आत जिना, जिन्याखाली खोली, खिडकीबाहेर थेट दरी, आणि पाठीशी तुंबलेलं पाणी. आई खिडकीत बसली, दगडाचा गारवा पाठीला लावून. शेकडो वर्षं पाणी पाठीवर घेऊन ती भिंत उभी आहे.

परत आल्यावर मी मुद्दाम गाडीला हात लावला नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. शुक्रवारी सकाळी मीटर घेऊन खाली गेले, तर आई डायरी आणि पेन घेऊन आधीच बॉनेटपाशी उभी. १२.५३. तिने लिहिलं, मग माझ्या हातातून किल्ली घेतली, आत बसली आणि स्वतः सेल्फ मारला.