दुतोंड्या मारुती आणि टीसीएलची पोती

नाशकात पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं, हे बातम्यांत सांगतात. आमच्या घरात एकच प्रश्न असतो: "दुतोंड्या कुठवर बुडाला?" दुतोंड्या म्हणजे गोदावरीच्या पात्रातला मारुतीचा उंच पुतळा, आमची पूर मोजायची पट्टी. गुडघ्यापर्यंत पाणी असलं की लोक फोटो काढायला गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जातात, कमरेला लागलं की सराफ बाजारात आवराआवर सुरू होते. २००८ च्या सप्टेंबरात मीही कॉलेज बुडवून पूर बघायला गेले होते.

आता पूर ओसरला की जाते, गावोगावचं पिण्याचं पाणी तपासायला. माझ्या हुद्द्याचं नाव कितीही मोठं असो, खिशात असतो क्लोरोस्कोप, पाण्यातलं क्लोरीन तपासायचा छोटा संच. नळीत पाणी घ्यायचं, ओटी नावाच्या रसायनाचे थेंब टाकायचे, पिवळं झालं की क्लोरीन आहे. एरवी शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम चालतं, पुरानंतर आम्ही ०.५ धरतो.

माझ्या पहिल्याच पावसाळ्यात एका गावी विहिरीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, टाकलं, अर्धा तास थांबून टेस्ट केली. पिवळेपणाचा मागमूस नाही. दुप्पट टाकलं, तरी जेमतेम रंग. मग पोती बघायला गेले. गेल्या वर्षीची, तोंडं सैल, ओल्या भिंतीला टेकवून ठेवलेली. ताज्या पावडरीत साधारण तेहतीस टक्के क्लोरीन असतं आणि पोतं उघडलं की डोळे चुरचुरतात. यांना वासच नव्हता. म्हणजे ती नुसती चुनखडी, आणि रजिस्टरात मात्र "साठा पुरेसा". अजून राग येतो. जास्त स्वतःचाच, कारण निघण्याआधी नाक लावायला किती वेळ लागतो?

तेव्हापासून माझा पावसाळा मे महिन्यात, गोदामात सुरू होतो. पोती फळीवर आणि भिंतीपासून लांब आहेत ना, ते बघते. जुनी आधी काढायला लावते.

सध्या २०२७ च्या सिंहस्थाच्या बैठका चालू आहेत. २००३ मध्ये २७ ऑगस्टला चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली, तेव्हा गर्दीवर बोलणं व्हायलाच हवं. पण आपल्याकडची मोठी स्नानं येतात ऐन पावसाळ्यात. मी विचारलं, "टीसीएल ठेवणार कुठे?" कोणीतरी हसलं. इतिवृत्तात प्रश्न लिहून घ्यायला लावला.

परवा संततधार लागली तर आईचा फोन. "अगं, मारुती कुठवर?"

"माहीत नाही. पाणी उकळून पी."

"तू तिथेच काम करतेस ना?"