एआयच्या प्रोग्रामला तुमच्या व्हाइसचे जॉ दिसत नाहीत

नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये सध्या कॅम सॉफ्टवेअर, म्हणजे कॉम्प्युटरवर सीएनसी मशीनचा प्रोग्राम बनवणारं, विकायला कुणीही आलं की दुसऱ्या वाक्याला 'एआय' म्हणतं. त्यातलं बरंचसं जुनंच आहे, फक्त नाव नवीन. अ‍ॅडॅप्टिव्ह किंवा डायनॅमिक टूलपाथ (कटरने जॉबवर फिरायचा रस्ता) हा निव्वळ भूमितीचा हिशेब आहे, त्यात मशीन काही शिकत-बिकत नाही. मॉडेलमधले होल, पॉकेट, स्लॉट आपोआप ओळखणं कॅमवर्क्स या सॉफ्टवेअरमध्ये कित्येक वर्षांपासून आहे. मशीन चालवणाऱ्या फॅनक कंट्रोलवरचं 'एआय काँटूर कंट्रोल', म्हणजे आपलं जी०५.१ क्यू१, पुढच्या ओळी आधी वाचून कोपऱ्यावर वेग सांभाळतं. चॅटजीपीटीशी त्याचं कसलंही नातं नाही.

खरोखर नवीन आहेत त्या दोन गोष्टी. एक, कॅमच्या आत बसून जॉबची (मशीनवर घडवायच्या भागाची) पूर्ण ऑपरेशन लिस्ट मांडणारी साधनं. क्लाउडएनसी कंपनीचं कॅम असिस्ट २०२३ मध्ये फ्यूजन या कॅम सॉफ्टवेअरसाठी आलं, ते या जातीचं: मॉडेल, मटेरियल आणि टूल लायब्ररी दिली की रफिंग, फिनिशिंग, ड्रिलिंगचा कच्चा क्रम, टूल आणि फीड-स्पीड (टूल सरकण्याचा आणि फिरण्याचा वेग) काही मिनिटांत समोर येतं. दुसरी, थेट जी-कोड (मशीनला कळणाऱ्या आज्ञा) किंवा मॅक्रो (आकडे बदलून पुन्हा वापरायचा छोटा प्रोग्राम) लिहून देणारे चॅटबॉट. दोन्ही कामाचे आहेत. पण दोघांनाही फक्त स्क्रीनवरचा जॉब कळतो. शॉपमध्ये तो कशात धरलाय, टूल किती बाहेर काढलंय, हे कुणीतरी सांगावंच लागतं.

सगळ्यात जास्त नग वाया जातात ते स्टेप फाइलमुळे (३डी मॉडेल पाठवायची फाइल). गिऱ्हाइकाकडून येणाऱ्या बहुतेक स्टेप फाइल्समध्ये नुसता आकार असतो, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) पीडीएफ ड्रॉइंगवर. (एपी२४२ प्रकारात टॉलरन्स जाऊ शकतो, पण तसा पाठवतं कोण?) मॉडेलमध्ये २० मिमीचं भोक आहे. ड्रॉइंगवर ते २० एच७, म्हणजे शून्य ते अधिक २१ मायक्रॉन. एआयला दिसतं फक्त २०.०००, म्हणून ते सरळ २० चं ड्रिल लावतं आणि भोक मोठं होऊन बसतं. तिथे १९.५ चं ड्रिल, मग १९.८ पर्यंत बोअर आणि शेवटी रीमर किंवा फाइन बोअरिंग हा क्रम आपणच घालायचा.

टॅपचंही (भोकात आटे पाडणाऱ्या टूलचंही) तसंच. एम८ चं (८ मिमी स्क्रूचं) भोक कुणी ६.८ चं काढतं, कुणी आतल्या व्यासाने ६.६४७ चं, तर कुणी सरळ ८ चं काढून वर टीप लिहितं. ६.८ असेल तर साधन बरोबर ड्रिल निवडतं. ६.६४७ असेल तर लायब्ररीत तसलं ड्रिल सापडत नाही, मग ते ६ च्या एंड मिलने (बाजूनेही कापणाऱ्या कटरने) गोल फिरवून भोक करायला निघतं. आणि ८ असेल तर ८ चं ड्रिल मारून मोकळं. टॅप धरायला मटेरियलच उरत नाही. म्हणून मॉडेल आत घेतल्याबरोबर, एआयचं बटण दाबायच्या आधी, ड्रॉइंग शेजारी ठेवून प्रत्येक भोकावर 'फिट', 'टॅप' किंवा 'क्लिअरन्स' असा शिक्का मारून टाकावा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.

कास्टिंगमध्ये अडचण वेगळी. कोल्हापूरच्या फाउंड्रीतून आलेल्या एसजी आयर्नच्या (एका प्रकारच्या ओतीव लोखंडाच्या) कास्टिंगला एका बाजूला २ मिमी तर दुसऱ्या बाजूला ५ मिमी अलाउन्स (कापून काढायचं जादा मटेरियल) निघू शकतो. एआय मात्र स्टॉक (कच्चा माल) चौकोनी ब्लॉक तरी धरतं, नाहीतर सगळीकडे सारख्या जाडीची साल. पहिल्या प्रकारात मशीन हवाच कापत बसतं. दुसऱ्यात ५ मिमीच्या बाजूला कटर अपेक्षेपेक्षा खोल घुसतो. चार-पाच कास्टिंग मोजून सगळ्यात जाड अलाउन्सचा स्टॉक मॉडेल हाताने दिला, तरच पुढच्या टूलपाथला अर्थ.

आता फीड-स्पीड. इथे एआयला एक शाबासकी द्यायला हवी, कारण बाजूचा कट बारीक घेताना फीड वाढवायचा असतो हे ते विसरत नाही आणि आपल्याकडचे अनेक प्रोग्रामर विसरतात. १२ ची एंड मिल, बाजूचा कट १.२ मिमी. चिप पातळ होण्याचा गुणक येतो व्यास भागिले (२ गुणिले वर्गमूळ १.२ × १०.८), म्हणजे १२ भागिले ७.२, सुमारे १.६७. दाताला ०.०६ चा फीड हवा असेल तर प्रोग्राममध्ये ०.१० द्यावा लागतो. ४ दात आणि १२० मीटर कटिंग स्पीड धरला तर आरपीएम ३१८३, आणि फीड ७६४ ऐवजी १२७३ मिमी प्रति मिनिट. ७६४ ने चालवलं तर टूल कापत नाही, घासतं, आणि लवकर बोथट होतं.

पण तेच साधन अ‍ॅल्युमिनियमला कॅटलॉगमधला ४०० मीटर स्पीड लावतं. १२ व्यासाला त्याचे १०६१० आरपीएम होतात. जुन्या व्हीएमसीचा (उभ्या मिलिंग मशीनचा) स्पिंडल ६००० ला संपतो. बहुतेक कंट्रोल एस ची (स्पिंडलच्या वेगाची) आज्ञा गुपचूप ६००० वर आणून ठेवतात, फीड मात्र आहे तसाच राहतो: ३ दात, दाताला ०.०८ धरून काढलेला २५४६. आता दाताला ०.०८ ऐवजी ०.१४ पडतो. अलार्म नाही, काही नाही. आवाज बदलतो आणि थोड्या वेळाने टूल जातं. मशीनची कमाल आरपीएम आणि स्पिंडलची पॉवर सॉफ्टवेअरच्या मशीन डेफिनिशनमध्ये भरलेली नसते, हे त्याचं साधं कारण.

टूल किती बाहेर काढलंय याचंही तेच. टूलचा वाक बाहेर काढलेल्या लांबीच्या घनाप्रमाणे वाढतो. ४० मिमीच्या जागी ६० मिमी काढलं की वाक ३.४ पट. एआय साधारणपणे कॅटलॉगच्या आखूड, घट्ट धरलेल्या टूलचे आकडे वापरतं. आपल्याकडे झिजलेल्या ईआर३२ कॉलेटमध्ये ६० मिमी बाहेर असतं, कारण व्हाइसचे जॉ (जॉब धरणारे जबडे) वर येतात आणि टूल धरणारा होल्डर त्यांना लागायला नको. म्हणून एआय घेण्यापूर्वी टूल लायब्ररीला वेळ द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. रॅकमध्ये खरोखर आहेत तेवढीच टूल्स, पंचवीस-तीस पुरतात. प्रत्येकाला खरा होल्डर, खरी बाहेरची लांबी, आणि ईएन८, ईएन२४, एसएस३०४ ही स्टीलं, अ‍ॅल्युमिनियम यांचे आपल्या मशीनवर चाललेले आकडे. व्हाइस, जॉ आणि क्लॅम्पचं मॉडेलही त्यात हवं. हे नसेल तर सिम्युलेशन हिरवं दाखवतं आणि होल्डर जॉला जाऊन ठोकतो.

चॅटबॉटकडून जी-कोड लिहून घेताना धोका असतो तो टर्निंगमध्ये, म्हणजे लेथवर. इंटरनेटवर मिलिंगचे प्रोग्राम जास्त, त्यामुळे लेथच्या प्रोग्रामलाही तो मिलिंगची सवय लावतो. फॅनक लेथवर जी-कोड सिस्टीम ए (कोडचा एक संच) असेल तर जी९० म्हणजे अ‍ॅब्सोल्यूट (शून्यापासूनचं माप) नव्हे, तर बाहेरच्या व्यासाची कटिंग सायकल. पुढे जी०० किंवा जी०१ न देता एक्स-झेड आला की सायकलच सुरू. जी९८ म्हणजे मिनिटाला फीड आणि जी९९ म्हणजे फेऱ्याला. मिलवर हेच कोड ड्रिलिंगनंतर कुठल्या उंचीवर परतायचं ते सांगतात. जी९८ खाली एफ०.२ आला तर टूल मिनिटाला ०.२ मिमी सरकतं, म्हणजे जवळपास उभंच, आणि इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) जागच्या जागी घासत राहतो. उलट जी९९ खाली एफ२०० आला तर मशीन आपल्या कमाल कटिंग फीडने जॉबमध्ये घुसतं.

सगळ्यात वाईट म्हणजे स्पिंडलची मर्यादा. सिस्टीम ए मध्ये ती जी५० एस२००० ने लागते. चॅटबॉट बऱ्याचदा जी९२ एस२००० लिहितो. सिस्टीम ए मध्ये जी९२ ही थ्रेडिंग (आटे कापायची) सायकल आहे, मर्यादा लागतच नाही. मग जी९६ एस१८० वर (कटिंग स्पीड १८० मीटर कायम ठेवून) फेसिंग करताना, म्हणजे जॉबचं तोंड सपाट करताना, २० व्यासाला २८६५ आणि १० व्यासाला ५७३० आरपीएम मागितले जातात. एवढ्या वेगात चकच्या जॉची पकड सैल होते, आणि जॉब लांब असेल तर दरवाजा बंद ठेवण्याशिवाय हातात काही उरत नाही.

थ्रेडिंगच्या जी७६ च्या दुसऱ्या ओळीत पी (दाताची खोली) आणि क्यू (पहिल्या कटची खोली) मायक्रॉनमध्ये, दशांश चिन्हाशिवाय द्यायचे. एम१६ × २ ला दात १.२२७ खोल, म्हणजे पी१२२७, शेवटचा व्यास १३.५४६. चॅटबॉटने पी१.२२७ लिहिलं तर कंट्रोल दशांश चिन्हाचा अलार्म देतो. तो अलार्म आला तर नशीब समजा. मिलवर उलटी गत: दशांश न देता एक्स५० लिहिलं आणि पॅरामीटर तसा असेल तर तो ५० मायक्रॉन वाचतो.

म्हणून मागणी करतानाच बांधून घ्यावं: 'फॅनक ०आय-टीएफ, जी-कोड सिस्टीम ए, मिमी, एक्स व्यासात, जी७६ चे पी-क्यू सोडून सगळीकडे दशांश चिन्ह, स्पिंडल मर्यादा जी५० ने, जी९० वापरू नको, शेजारी प्रत्येक ओळीचा अर्थ लिही.' ओळीचा अर्थ मागितला की चूक लगेच डोळ्यांत भरते. पूर्ण प्रोग्रामपेक्षा तुकडे मागावेत: बोल्ट सर्कलचा मॅक्रो, अनुक्रमांक कोरायची सायकल, फॅनकचा ड्रिलिंग पॅटर्न सीमेन्स कंट्रोलच्या सायकल८३ मध्ये बदलणं. यात ते खरंच वेळ वाचवतं.

आलेला प्रोग्राम कितीही सुंदर दिसला तरी मशीनवरची रीत तीच. बॅकप्लॉट (टूलचा रस्ता स्क्रीनवर) बघा. मग वर्क ऑफसेटच्या (जॉबच्या शून्यबिंदूच्या) ईएक्सटी या रकान्यात झेड ५० टाकून सगळा प्रोग्राम हवेत ५० मिमी वर चालवा. आधी झेडचा प्रवास पुरतो का ते तपासा, आणि नंतर ते ५० न विसरता काढा. सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ), रॅपिड २५ टक्के, बोट फीड होल्डवर (थांबवायच्या बटणावर). प्रत्येक टूल पहिल्यांदा खाली येताना उरलेलं अंतर आणि डोळ्यांना दिसणारं अंतर जुळतंय का ते पाहा. जी४३ च्या (टूलच्या लांबीच्या) ओळीत एच चा आकडा टूलच्याच नंबरचा आहे का, हेही तिथेच.

एक गोष्ट कुठल्याच साधनाला माहीत नसते, ती म्हणजे शॉपचं तापमान. नाशिकच्या थंडीत सकाळी आणि दुपारी १५ अंशांचा फरक सहज पडतो. २०० मिमीचा अ‍ॅल्युमिनियम जॉब तेवढ्यात ६९ मायक्रॉन वाढतो, स्टीलचा ३६. सकाळच्या पहिल्या नगावर ऑफसेट बसवून एच७ भोकांमधली अंतरं दुपारी सापडत नाहीत. स्पिंडल आधी गरम करणं आणि मोजमाप एकाच तापमानाला करणं, दोन्ही प्रोग्रामच्या बाहेरचं.

हे सगळं घ्यावं कुणी? रोज नवीन ड्रॉइंग, पाच-दहा नगांचे लॉट, ट्रायल पीस, फिक्स्चर, अशा टूलरूमला कॅममधलं एआय नक्की परवडतं. तिथे खर्च प्रोग्रामिंगच्या वेळेचाच असतो. पण आपल्याकडच्या अनेक युनिटचा जॉब ऑटोमोबाईलचा, महिन्याला २०,००० नग, वर्षभर तोच. तिथे प्रोग्राम एकदाच होतो, दोन तास वाचले काय आणि न वाचले काय. नगामागे ८ सेकंद काढले तर महिन्याला ४४ तास मोकळे होतात, आणि ते ८ सेकंद सहसा टूल बदलण्याच्या क्रमात, रॅपिडच्या उंचीत आणि ड्रिलच्या पेकमध्ये (टप्प्याटप्प्याने भोक पाडण्यात) सापडतात. तिथे जुना अनुभवी सेटर (मशीन लावून देणारा) जास्त उपयोगी.

ओझरच्या एचएएलचं (विमानांच्या सरकारी कारखान्याचं) किंवा कुठलंही संरक्षणाचं काम असेल तर आधी करार वाचा. क्लाउडवर चालणारं साधन मॉडेल बाहेरच्या सर्व्हरवर पाठवतं, आणि चॅटबॉटमध्ये ड्रॉइंगचा फोटो टाकणं म्हणजेही तेच. ऑफिसातल्या मुलांना हे तोंडी सांगून भागत नाही. त्या कामाचा कॉम्प्युटर नेटपासून वेगळा ठेवावा लागतो.

डेमोला त्यांचा जॉब चालवू देऊ नका, तो नेहमी अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी ब्लॉक असतो. आपला द्या: दोन सेटअपचं कास्टिंग, त्यात एक २० एच७, दोन एम८ आणि एक खोल पॉकेट, जिथे १० ची एंड मिल ५० बाहेर काढावी लागते. आपली टूल लायब्ररी, आपल्या मशीनची कमाल आरपीएम, आपला पोस्ट (टूलपाथचा आपल्या मशीनच्या जी-कोडमध्ये तर्जुमा करणारा भाग). मग निघालेली जी-कोड फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, आणि ती हातही न लावता चालते की पोस्टमध्ये दहा जागी दुरुस्ती लागते, ते सेटरला बघू द्या.