देगू: एका श्रोत्याची पायपीट

दक्षिण कोरियाच्या संगीताचा विषय निघाला की बहुतेकांचे बोट नकाशावर सोलपाशी थांबते. वेगवान रेल्वेने सोलहून दोन तासांच्या आत गाठता येणारे देगू हे शहर संगीतासाठी पाहायला जाणारे परदेशी प्रवासी कमीच. वास्तविक २०१७ साली युनेस्कोने संगीतनगरींच्या यादीत ज्या शहरांची भर घातली, त्यांत देगू होते. आपले चेन्नईही त्याच वर्षी त्या यादीत आले. बीटीएस या कोरियन पॉप गटातल्या सुगा आणि व्ही या दोघांचे हे जन्मगाव असल्यामुळे तरुण चाहत्यांना देगूचे नाव ठाऊक असते. मी मात्र तिथे गेले ती १९९६ साली निवर्तलेल्या किम क्वांगसॉक या गायकाच्या ओढीने. त्याच्या नावाची गल्ली पाहायची एवढेच ठरवले होते; पण शहराच्या जुन्या भागात गाण्यांशी जोडलेल्या जागा एकमेकींपासून इतक्या जवळ आहेत, की ऑक्टोबरच्या अखेरच्या आल्हाददायक हवेत पायीच फिरायचे असे मी ठरवले आणि ती गल्ली दिवसाच्या शेवटासाठी राखून ठेवली.

सकाळी सॉमुन बाजारात तव्यावर परतलेले, आत शेवया आणि थोडी पात भरलेले चपटे मांदू, म्हणजे कोरियन मोमो, खाल्ले. तिखट आणि पातीचा कांदा घातलेला सोया सॉस त्यावर ओतून ते खायचे असतात. सारण नावापुरतेच आणि सगळी मजा त्या कडक कडांत. तिथून चॉन्गना टेकडी अगदी जवळ आहे. टेकडीवर अमेरिकन मिशनऱ्यांची विटांची तीन जुनी घरे आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देगूचा तट पाडला गेला, तेव्हा निघालेले दगड त्यांच्या पायात वापरले आहेत. घरांच्या भिंतींवर वेल चढलेले आहेत आणि मी गेले तेव्हा त्यांची पाने लाल व्हायला लागली होती.

या टेकडीवर एका गाण्याचा शिलालेख आहे. पार्क तेजून हे संगीतकार १९०० साली देगूत जन्मले. शाळकरी वयात त्यांचे जवळच्या मुलींच्या शाळेतल्या एका विद्यार्थिनीवर मन जडले होते, पण ते तिच्यापाशी कधी बोलले नाहीत, असे सांगतात. पुढे मासानमध्ये शिक्षक असताना त्यांनी ही हकीकत आपले सहकारी, कवी ई उन-सांग यांना ऐकवली. कवीने शब्द लिहून दिले आणि तेजून यांनी त्यांना चाल लावली. १९२२ सालचे हे गाणे चार ऋतूंच्या चार कडव्यांचे असून पहिल्या कडव्यात वसंत, ही टेकडी आणि पांढरी लिली आहे. आपल्याकडे शाळेत चालीवर म्हटलेल्या कविता जशा पन्नाशीतल्या माणसालाही तोंडपाठ असतात, तसे हे गाणे कोरियन माणसाला येते. माझ्यासमोरच साठीच्या पाच-सहा बायकांचा गट शिलालेखापाशी थांबला. एकीने वरचा सूर लावला, तो फारच वर लागला, म्हणून हसून सगळ्यांनी खालून पुन्हा सुरुवात केली आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत कोणी अडखळले नाही. गाण्याच्या जागेवर जाऊन ते गाणे गाण्याचा संकोच इथे नाही, हे मला फार आवडले. आपण अशा ठिकाणी बहुधा फोटो काढून मोकळे होतो.

टेकडीवरून खाली उतरायला नव्वद पायऱ्या आहेत. ८ मार्च १९१९ रोजी, कोरियावर जपानी राजवट असताना, देगूतल्या स्वातंत्र्य-मोर्चाला निघालेले विद्यार्थी जपानी पोलिसांची नजर चुकवून याच वाटेने उतरले होते. तेव्हा इथे दाट पाइन होते. पायऱ्या उतरून रस्ता ओलांडला की ग्येसानचे दोन मनोऱ्यांचे कॅथेड्रल येते. आधीचे लाकडी चर्च आगीत गेल्यावर १९०२ साली ते विटांत बांधले गेले. आत वाद्यवृंदाचा सराव वगैरे काही चालू नव्हता, त्यामुळे मी तिथे फार रेंगाळले नाही.

पुढचा रस्ता औषधी मुळ्यांच्या जुन्या बाजारातून जातो आणि तिथे कानांपेक्षा नाकाला काम जास्त. ज्येष्ठमध, दालचिनी, जिन्सेंग यांचा मिळून एक दाट, किंचित कडवट वास सबंध रस्ताभर पसरलेला असतो. त्या वासाने चहाची तलफ येणे साहजिक होते. जिन्गोलमोक नावाच्या लांब गल्लीत एक जुने चहाघर आहे, जिथे बहुतेक गिऱ्हाईक सत्तरीच्या पुढचे, कोट-टोपी घालून आलेले. मी सांग्वा चहा मागवला. तो म्हणजे औषधी मुळ्यांचा काळाभोर काढाच असतो; वर शेंगदाणे, पाइनच्या बिया आणि मधोमध कच्च्या अंड्याचा पिवळा बलक. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी हातानेच खुणावून सांगितले, की बलक फोडायचा नाही, चमच्याने अलगद उचलून एका घासात घ्यायचा. तसे केले. चव सांगण्यासारखी नाही, पण काढा मात्र उत्तम होता. पार्श्वभूमीला त्रोत या जुन्या लोकप्रिय कोरियन प्रकारातली गाणी चालू होती, ठेक्याला दोन मात्रांची आणि आवाजात भरपूर कंप असलेली, आणि आजोबांचे बोट कपाच्या कानावर ठेका धरून होते.

इथून ह्यांगचॉन भाग पाच-सात मिनिटांवर आहे आणि माझ्या मते देगूच्या संगीताचे खरे मर्म इथेच आहे. कोरियन युद्धात, १९५० च्या उन्हाळ्यात, उत्तर कोरियाचे सैन्य नाकदोंग नदीपर्यंत येऊन ठेपले, पण देगू त्यांच्या हाती पडले नाही. साहजिकच सोल सोडून पळालेले कवी, चित्रकार, वादक, गायक या शहरात आणि बुसानमध्ये गोळा झाले. खिशात पैसे नाहीत, राहायला धड जागा नाही, घरच्यांचा पत्ता नाही, अशा अवस्थेतली ही माणसे दिवसभर ह्यांगचॉनच्या चहाघरांत आणि संगीत ऐकण्याच्या खोल्यांत बसून असत. अशी एक खोली, नोख्यांग, १९४६ सालीच सुरू झालेली होती; पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकण्यासाठी उघडलेली ती देशातली पहिली जागा मानली जाते. दुसरी, रेनेसाँ, १९५१ साली ऐन युद्धात इथेच सुरू झाली आणि युद्धानंतर सोलला गेली. घरी ग्रामोफोन असणे ही चैन होती त्या काळात एका माणसाच्या खासगी तबकड्या शहराने मिळून ऐकायच्या, ही त्यामागची साधी व्यवस्था.

नोख्यांग अनेक जागा बदलत आता ह्यांगचॉन सांस्कृतिक भवनाच्या तळघरात आहे. वरच्या मजल्यांवर पन्नाशीच्या दशकातल्या गल्लीची प्रतिकृती, बाजार, बसथांबा वगैरे मांडले आहे. ते झरझर पाहून मी खाली उतरले. खोली मोठी नाही. समोर जुने ध्वनिवर्धक आणि त्यांच्याकडे तोंड करून मांडलेल्या खुर्च्यांच्या रांगा; रंगमंच नाही, पडदा नाही, पाहण्यासारखे असे काहीच नाही. शूबर्टचे तंतुवाद्यांचे एक चतुष्टय चालू होते. माझ्याखेरीज तीन माणसे होती, त्यांतला एक डोळे मिटून, एक चक्क झोपलेला. तबकडीची बाजू संपली की सुईची खरखर ऐकू यायची, मग ती उलटली जायची आणि तेवढ्या अवधीत कोणी बोलत नसे. मी अर्धा तास बसायचे म्हणून बसले आणि दुसरी तबकडी संपेपर्यंत उठले नाही. गाणे ऐकताना हाताला दुसरे काही काम नसणे किती विरळा झाले आहे, हे फोन पिशवीत ठेवल्यावर जाणवले.

युद्धकाळात याच खोलीशी जोडली गेलेली एक गंमतशीर कहाणी आहे. कवी यांग म्यंग-मुन यांनी सुकवलेल्या माशावर, म्हणजे कोरियात घरोघरी खाल्ल्या जाणाऱ्या म्यंगते या माशावर, एक कविता इथे लिहिली असे सांगतात. कवितेत मासाच बोलतो: समुद्रात मजेत पोहत होतो, जाळ्यात सापडलो, वाळलो, आणि आता एखाद्या गरीब कवीच्या मद्याबरोबर तोंडी लावणे होऊन फाडला गेलो तरी हरकत नाही. प्यन हुन यांनी त्याला चाल दिली आणि ओ ह्यन-म्यंग या खर्जातल्या गायकाने ते बुसानमध्ये गायले, तेव्हा श्रोते हसले, असली विचित्र गंभीर गाणी त्यांनी ऐकलीच नव्हती. पुढे हेच गाणे कोरियन कलागीतांत मानाचे ठरले. मला विचाराल तर उपासमारीच्या दिवसांत स्वतःवर इतके कोरडे हसू शकणारा कवी हा त्या काळाचा कुठल्याही शोकगीतापेक्षा मोठा पुरावा आहे.

लोकप्रिय गाण्यांचे कामही याच भागातून झाले. ओरिएंट ही तबकड्यांची कंपनी देगूची. बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून लष्करी कांबळी टांगून तिथे ध्वनिमुद्रण होत असे. १९५३ सालचे, ह्यन इन यांनी गायलेले गुमसुनचे गाणे तिथले. डिसेंबर १९५० मध्ये उत्तर कोरियातल्या हंगनाम बंदराच्या धक्क्यावरून लाखभर लोकांना बोटीने दक्षिणेत आणले गेले. त्या गर्दीत ताटातूट झालेल्या गुमसुनला एक जण बुसानमधून साद घालतो आणि धीर धर म्हणतो. चाल मात्र चक्क उडती, पाय हलवणारी आहे. कांबळ्यांच्या आडोशाला उभे राहून हे गाणाऱ्यांच्या समोरच्या वादकांपैकी किती जण स्वतःच कोणाला तरी शोधत असतील, असा विचार मनात येतोच.

दोंगसॉन्गनोचा झगमगता खरेदीचा रस्ता मी जवळजवळ धावतच पार केला. प्रत्येक दुकानातून वेगळे गाणे आणि सगळी एकाच पट्टीत मोठ्याने. तिथून आग्नेयेला वीसेक मिनिटे चालले की सिनचॉन ओढ्याच्या काठचा बांगचॉन बाजार येतो आणि त्याला लागून किम क्वांगसॉकची गल्ली.

किमचा जन्म १९६४ साली इथल्याच देबोंग भागात झाला. लहानपणीच कुटुंब सोलला गेले. म्हणजे त्याची कारकीर्द देगूची नव्हे. लोकचळवळीतल्या गायकवृंदातून तो पुढे आला, दोंगमुलवॉन या गटातून गायला आणि मग गिटार व हार्मोनिका घेऊन एकटा छोट्या नाट्यगृहांत गात राहिला. १९९५ च्या ऑगस्टमध्ये सोलच्या हाकचॉन नाट्यगृहात त्याचा हजारावा प्रयोग झाला. ते नाट्यगृह २०२४ साली बंद पडले. तिशीच्या उंबरठ्यावरचे त्याचे गाणे १९९४ चे, तेव्हा तो स्वतः तीस वर्षांचा होता. बत्तिसावा वाढदिवस १६ दिवसांवर असताना तो गेला. सैन्यात भरती होण्यासाठी घर सोडणाऱ्या मुलाचे त्याने गायलेले गाणे २००० सालच्या ‘जॉइंट सिक्युरिटी एरिया’ या चित्रपटामुळे नव्या पिढीपर्यंत पोहोचले. सक्तीची लष्करी सेवा असलेल्या देशात ते प्रत्येक घरातले गाणे आहे.

ओस पडत चाललेल्या बाजाराला जाग आणण्यासाठी २०१० साली ही गल्ली आखली गेली. साधारण साडेतीनशे मीटर लांबीच्या भिंतीवर त्याची चित्रे आणि गाण्यांचे शब्द आहेत, गल्लीच्या तोंडाशी, गिटार घेऊन बसलेला त्याचा पुतळा आणि वाटभर ध्वनिवर्धकांतून त्याचा आवाज. खरे सांगायचे तर मला ही गल्ली निम्मीच आवडली. पुतळ्याशेजारी बसून फोटो काढायला रांग, साखरेची चक्ती विकणारी दुकाने, कॅफेंचे स्वतःचे वेगळे संगीत. किमचा आवाज इतका खासगी, की या गजबजाटात तो वरवरचा वाटतो. पण बाजार जगला, हेही खरे. भाजीच्या एका दुकानात आजी कोबी कापता कापता भिंतीवरून येणाऱ्या गाण्याची ओळ गुणगुणत होत्या. मी थांबून ऐकते आहे हे पाहून त्यांनी मला एक संत्रे दिले आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला.

संध्याकाळी तिथेच निखाऱ्यावर भाजलेले माकचांग, म्हणजे जनावराचे आतडे, खाऊन मी स्टेशन गाठले. पायी जमण्यासारखे नव्हते ते एक ठिकाण राहून गेले: शहराबाहेरचा सामुनजिन घाट. १९०० साली एका मिशनरी दांपत्याचा पियानो नाकदोंग नदीतून बोटीने तिथे उतरला आणि मग हमालांनी खांद्यावर वाहून शहरात आणला. पेटीतून आवाज येतो म्हणून लोक घाबरले होते म्हणे. त्या घाटावर आता दर वर्षी शंभर पियानोंची मैफल भरते. पुढच्या वेळी तिची तारीख पाहूनच विमानाचे तिकीट काढणार आहे.